नगरपालिकेच्या कलादालनाचं करायचं काय? अभ्यासिका की दालनच राहू द्यायचं?

गेरू_आणि_चुना

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा. आमचं तालुक्याचं गाव, नाव मुद्दाम देत नाही कारण इथे आमच्याकडचे पण लोक असतील आणि उद्या मलाच फोन यायचे. नगरपालिकेच्या नाट्यगृहाला लागून वरच्या मजल्यावर एक कलादालन आहे. बांधलं तेव्हा आमदार, फीत, फटाके सगळं यथासांग झालं. सुरुवातीला ड्रॉइंगच्या सरांचं एक प्रदर्शन झालं, मग फोटोग्राफीवाल्या पोरांचं, आणि मग जे थंडावलं ते थंडावलंच. आता तिथे काय असतं तर साड्यांचा सेल, चादरींचा सेल, "फॅक्टरी रेट" चपला आणि अधूनमधून कुठल्यातरी पतसंस्थेची सभा. भिंतींना सेलवाल्यांनी ठोकलेले खिळे आणि सेलोटेपचे डाग, बघवत नाही.

आता सर्वसाधारण सभेत विषय येतोय की दालन बंद करून तिथे एमपीएससी-पोलीसभरतीवाल्या मुलांसाठी अभ्यासिका करायची. मी थोडंफार चित्र काढतो (पोटापाण्याचा उद्योग वेगळा आहे) म्हणून मला वाईट वाटणार हे उघड आहे, पण घरी वडील म्हणाले की अभ्यासिका झाली तर निदान चार पोरं नोकरीला लागतील, तुझ्या चित्रांनी गावात कोणाचं काय होणारे, आणि खरं सांगतो माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर प्रश्न असा की जे लोक चित्र काढत नाहीत, विकत घेणार तर मुळीच नाहीत, त्यांना सार्वजनिक कलादालनाचा उपयोग नक्की काय? "कला म्हणजे संस्कृतीचा आरसा" टाइप भाषण नको, सभेत उभं राहून बोलता येईल असं काहीतरी द्या.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

माझी सगळी नोकरी फोर्टात झाली त्यामुळे जहांगीर आर्ट गॅलरीबद्दल लिहितो, तुला तुलनेला बरं पडेल. 1952 साली ती उघडली, पैसे सर कावसजी जहांगीर यांचे, मुलाच्या स्मरणार्थ दिले, आणि त्यांच्या मागे लागणाऱ्यांत चित्रकार के. के. हेब्बर आणि होमी भाभा होते. हो तेच भाभा, अणुवाले, स्वतः चित्र काढायचे. आता ती तारीख बघ, त्याच्या पाच वर्षं आधी 1947 मध्ये सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे यांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप झालेला, म्हणजे चित्रकार तयार होते पण त्यांची चित्रं लोकांना जाता-येता दिसतील अशी कायमची जागा नव्हती. दालन आल्यावर ती झाली.

पण तुझा प्रश्न चित्रकारांचा नाहीच, न काढणाऱ्यांचा आहे. तर मी न काढणारा. मला साधी रेघ सरळ येत नाही. मी तिथे जायला लागलो त्याचं कारण पाऊस. तिकीट नाही, दारावर कोणी कुठून आलात विचारत नाही, समोर एल्फिन्स्टन कॉलेज, बाजूला म्युझियम, बस स्टॉप जवळ. लोक उन्हातून आत शिरायचे, कोणाला नुसतं बसायचं असायचं, कोणी सॅमोव्हारला निघालेलं असायचं. सॅमोव्हार म्हणजे गॅलरीतलंच ते लांबुडकं अरुंद कॅफे, उषा खन्ना यांनी 1964 मध्ये काढलेलं, 2015 ला बंद झालं. तिथे एका टेबलावर मोठा पेंटर, शेजारच्या टेबलावर कॉलेजची पोरं एका चहात तीन जण, आणि सगळ्यांची वाट प्रदर्शनावरून. भजी खायला निघालेला माणूस चार चित्रं बघून जायचा, ते त्याच्या लक्षातही यायचं नाही.

दुसरं म्हणजे तिथे हॉल आठवड्याच्या हिशोबाने दिला जातो, त्यामुळे दर आठवड्याला भिंती बदलतात. आज कोणीतरी आखीवरेखीव निसर्गचित्रं लावलेली, पुढच्या आठवड्यात पत्रा वाकवून केलेलं काहीतरी. आणि चित्रकार स्वतः कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला असतो, बहुतेक वेळा कंटाळलेला. त्याला जाऊन विचारायचं, हे असं का? मी बऱ्याच जणांना विचारलंय. काही चिडले, काहींनी अर्धा तास सांगितलं. सांगलीकडच्या एकाने तर मला खाली बसवून दाखवलं होतं की इथून बघा, उभ्याने बघू नका. हे सगळं फुकट. जगातल्या भल्याभल्या म्युझियममध्ये चित्र असतं पण काढणारा समोर नसतो.

बाहेर फुटपाथवरही चित्रं लावून बसतात, पोर्ट्रेट काढून देणारे असतात, आतल्यापेक्षा बाहेर गर्दी जास्त असते कधीकधी. दालन तिथे नसतं तर तो फुटपाथ पण तसा झाला नसता असं माझं मत. एक जागा नीट चालली की आजूबाजूला पसरते, काळा घोडा फेस्टिवल 1999 पासून त्याच भागात भरतं ते काय हवेतून आलं नाही.

सभेत एवढंच विचार: गावात अशी दुसरी कुठली जागा आहे जिथे काही विकत न घेता, कोणाच्या ओळखीशिवाय, नमस्कार न करता अर्धा तास थांबता येतं? देऊळ सोडून सांगा म्हणावं.

रोखठोक_नाना

मी अभ्यासिकेच्या बाजूने. शिव्या घाला.

मुंबईचं सांगू नका, तिथे लोक रस्त्यावरून जाता जाता आत शिरतात कारण रस्त्यावर लाखो लोक आहेत. तालुक्याच्या गावात कलादालन म्हणजे काय असतं ते आम्ही पाहिलंय, दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, पाहुण्यांचं लांबलेलं भाषण, फोटो, वेफर्स आणि पेढा. दुसऱ्या दिवसापासून चित्रकार आणि त्याचा मेव्हणा दोघंच. अभिप्राय वहीत बघा, "खूप सुंदर, पुढील वाटचालीस शुभेच्छा" ह्याच्या पलीकडे एक ओळ नसते.

इकडे पोरं बसायला जागा नाही म्हणून एसटी स्टँडवर, मंदिराच्या ओवरीत पुस्तकं घेऊन बसतात. आमच्याकडे खासगी अभ्यासिकावाले महिन्याचे पैसे घेतात, एका पत्र्याच्या शेडमध्ये खच्चून खुर्च्या. मुलींना तर रात्री उशिरापर्यंत बसायला सुरक्षित जागा हा खरोखरचा प्रश्न आहे. तीच घरपट्टी भरणाऱ्याची पोरं आहेत ती. त्यांना सांगा की तुमची जागा आम्ही निसर्गचित्रांना दिली. गेरूचुना साहेब, तुमच्या वडिलांचं बरोबर आहे.

खडू_बाई

नाना, तुमचं दीपप्रज्वलनाचं शंभर टक्के पटलं, मी त्यात समई पुसायला असते :)

मी चित्रकला शिक्षिका, जिल्हा परिषद नाही, अनुदानित शाळा. दरवर्षी आमची मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात. दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पालक पण हौसेने बसवतात, क्लास लावतात. आता गंमत बघा, ही मुलं स्थिरचित्र काढतात, निसर्ग काढतात, ए ग्रेड आणतात आणि त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात एकही मूळ चित्र पाहिलेलं नसतं. एकही नाही. मोबाइलमध्ये पाहिलंय, कॅलेंडरवर पाहिलंय. पोहण्याची परीक्षा पास आणि विहीर पाहिलेली नाही, असला प्रकार.

म्हणून मी सहल नेते तेव्हा हट्टाने औंधला नेते. पुण्याचं औंध नाही हो, साताऱ्यातलं, खटाव तालुक्यातलं. तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी (सूर्यनमस्कारवाले) स्वतः चित्रकार, त्यांनी 1938 मध्ये यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उभं केलं. राजवाड्यात नाही, डोंगरावर, देवीच्या वाटेवर! माझ्या मते त्यातच सगळं आलं. यमाईला येणारा माणूस, नवस फेडायला आलेली बाई, लेकुरवाळी, सगळे उतरताना संग्रहालयात डोकावतात. आत राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, धुरंधरांची आहेत, आणि हेन्री मूर ह्या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मुलाचं दगडी शिल्प आहे. खटावसारख्या दुष्काळी तालुक्यात हेन्री मूर, मुंबईच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही.

एकदा आमच्यातली एक मुलगी रविवर्म्याच्या चित्राजवळ इतकी गेली की तिथले काका ओरडले. ती मला म्हणाली बाई लांबून साडीचा काठ खरा जरीचा दिसतो आणि जवळ गेलं की नुसते पिवळे तपकिरी फटकारे आहेत. वर्गात मी हे वर्षानुवर्षं सांगतेय की जर म्हणून पिवळा रंग फासू नका, उजेड कुठे पडतो ते बघा. एकीच्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिथे दोन मिनिटांत शिरलं. पुढे ती काही चित्रकार वगैरे झाली नाही, नर्सिंगला गेली, पण बघायला शिकली ना.

हेन्री मूरपाशी मात्र मुलं हसली, "बाई हे अर्धवट राहिलंय का". मी काही समजावलं नाही. शेजारी एक आजी होत्या, दर्शनाहून आलेल्या, त्या म्हणाल्या अर्धवट कशाला, पोराला धरलंय की घट्ट.

एवढं मोठं काही तालुक्याच्या दालनात येणार नाही हे मला कळतं. पण खरं चित्र, भले जिल्ह्यातल्या चित्रकाराचं का असेना, ते भिंतीवर असणं आणि मुलांना रांगेत चालत जाता येईल एवढ्या अंतरावर असणं, ह्याला पर्याय नाही. सहलीचे पैसे अर्ध्या मुलांना परवडत नाहीत.

क्लाइडकाठचा_कुलकर्णी

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतून लिहितोय, इथल्या एका भांडणाची गोष्ट सांगतो, नानांना आवडेल.

इथे केल्विनग्रोव्ह म्हणून शहराचं स्वतःचं दालन-कम-म्युझियम आहे, 1901 पासून, फुकट प्रवेश. 1952 मध्ये (जहांगीरचंच साल, आत्ता वर वाचताना जाणवलं) तिथल्या संचालकांनी, टॉम हनीमन त्यांचं नाव, साल्वादोर दाली ह्या नावाजलेल्या स्पॅनिश चित्रकाराचं क्रुसावरच्या ख्रिस्ताचं चित्र 8,200 पौंडांना घेतलं. त्या काळात ही रक्कम म्हणजे थट्टा नव्हती. शहरात बोंब झाली आणि बोंब मारणाऱ्यांत चक्क आर्ट स्कूलचे विद्यार्थी! त्यांनी सह्या गोळा केल्या की ह्या पैशात इथल्या चित्रकारांची चित्रं घ्या, त्यांना जागा द्या. पुढे 1961 ला एका माणसाने ते चित्र फाडलं सुद्धा, मग ते दुरुस्त केलं. आज लोक लांबून लांबून तेच बघायला येतात आणि त्यासोबत चित्राचे प्रताधिकार पण घेतलेले असल्याने शहराने त्यावर पुढे बरे पैसे कमावले. विद्यार्थ्यांचं म्हणणं चूक होतं असं मात्र मला वाटत नाही, स्थानिक माणसाला भिंत कोण देणार हा प्रश्न तसाच उरतो.

पण सांगायचं वेगळंच होतं. माझी मुलं तिथे दाली बघायला जात नाहीत. पेंढा भरलेला सर रॉजर नावाचा हत्ती आहे, छताला टांगलेलं स्पिटफायर विमान आहे, त्यासाठी जातात. दुपारी हॉलमध्ये ऑर्गन वाजतो तो ऐकायला म्हातारी मंडळी डबा घेऊन येतात. चित्रं वाटेत लागतात. डोंबिवलीकर भजीबद्दल म्हणाले तसंच. त्यामुळे नुसत्या चित्रांचं पवित्र दालन करू नका, कोणी येणार नाही.

पिंगुळी_तिठा

कोणी अजून पिंगुळीचं नाव कसं घेतलं नाही? कुडाळजवळ. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण म्हणून संग्रहालय केलंय, चित्रकथीच्या पोथ्या, कळसूत्री बाहुल्या. 2021 ला त्यांना पद्मश्री मिळाली. गोठा हो, गोठा. नगरपालिकेने दिलेली इमारत नाही, एसी नाही, आणि बघायला येणाऱ्याला घरातलाच माणूस चित्र पुढे धरून कथा म्हणून दाखवतो. मुद्दा एवढाच की दालन चालवणारा हवा. आमच्या इथे दुसरीकडे चांगल्या बांधलेल्या जागा कुलपात आहेत, आत बुरशी.

रोखठोक_नाना

पिंगुळीवाले, मग तेच म्हणतोय मी. चालवणारा नाही तर कुलूप लावलेल्या दालनापेक्षा उघडी अभ्यासिका बरी.

नस्ती_फाइल

नगरपालिकेत बरीच वर्षं काढली, आता निवृत्त, म्हणून जरा फाइलच्या बाजूने. गेरूचुना, तुम्ही तात्त्विक लढाईत पडू नका, सभेत हरणार. अभ्यासिका हा शब्द असा आहे की त्याच्या विरोधात एकही नगरसेवक हात वर करणार नाही, पुढच्या निवडणुकीतले मतदार आहेत ते. तुम्ही आधी पुढची माहिती अर्ज करून घ्या: दालनाची वेळ काय, सुट्टी कधी, भाडं किती, किल्ली कोणाकडे. मी पैजेवर सांगतो की वेळ ऑफिसची असणार, रविवारी बंद, दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद. म्हणजे ज्या वेळी गाव मोकळं त्या वेळी दालन बंद. आणि भाडं सेलवाल्याला आणि चित्रकाराला एकच असणार. साडीवाला ते एका दुपारी काढतो, चित्रकार कुठून काढणार? मग म्हणायचं चित्रकार येत नाहीत.

ठरावात चार वाक्यं घालून घ्या. वेळ दुपारी 4 ते रात्री 9, सोमवारी बंद. आठवडी बाजाराच्या दिवशी सकाळपासून उघडं, कारण त्या दिवशी आजूबाजूची वीस गावं तिथे असतात. व्यापारी भाडं वेगळं, प्रदर्शनाचं नाममात्र. आणि एक छोटी समिती, त्यात शाळांचे चित्रकला शिक्षक, एक फोटोग्राफर, एक मूर्तिकार, नगरसेवक एकच. जास्त नगरसेवक घेतलेत की वाढदिवसाचे फ्लेक्स लागतील आत.

पहिलं प्रदर्शन चित्रांचं करू नका. गावातल्या घराघरांतले जुने फोटो मागवा, जुनी पेठ, पूर, तालमीतले पैलवान, बंद पडलेली टॉकीज, शाळेचे ग्रुप फोटो. मूळ फोटो परत द्यायचे, मोठे प्रिंट काढून लावायचे. लोक स्वतःचा आजा शोधायला येतील आणि सोबत शेजाऱ्याला आणतील. एकदा जिना चढायची सवय लागली की मग चित्रं लावा.

डोंबिवली_फास्ट_नाही_स्लो

फाइलसाहेब, क्या बात है. अजून एक भर घालतो. ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन, पेशाने रेडिओलॉजिस्ट होते, त्यांनी 2008-09 च्या सुमारास "विस्तारणारी क्षितिजे" नावाने समकालीन भारतीय चित्रकारांच्या कामाचं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या मुंबईबाहेरच्या शहरांत फिरवलं होतं. ज्यांची कामं बघायला एरवी मुंबई-दिल्ली गाठावी लागते ती तिकडे नेऊन लावली, लोकांशी बोलले. म्हणजे चांगलं काम गावाकडे येऊ शकतं, पण ते लावायला भिंत लागते आणि रात्री कुलूप लागतं. तुमच्याकडे ती भिंत आत्ता आहे. एकदा खुर्च्या टाकल्या की ती परत मिळत नाही, मी तरी मिळालेली पाहिली नाही.

गेरू_आणि_चुना

बाप रे, एवढं येईल वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. नाना तुमचे पण, कारण सभेत हेच ऐकायला मिळणार आहे आणि मुलींच्या जागेचा मुद्दा मला खरंच खोडता येत नाहीये.

आज चौकशी करून आलो. किल्ली नाट्यगृहाच्या वॉचमनकडे. वेळ सकाळी 10 ते 5.30, रविवारी बंद. भाडं सगळ्यांना एकच. फाइलसाहेब पैज जिंकलात. आणि अजून एक कळलं, नाट्यगृहाच्या मागे मेकअप रूमच्या वर एक मोठी खोली आहे, पूर्वी तालमीला द्यायचे, आता मोडक्या खुर्च्या भरून ठेवल्यात. स्वतंत्र जिना आहे, स्वच्छतागृह आहे. अभ्यासिका तिथे झाली तर? दालनापेक्षा शांत पण आहे, खाली उद्घाटनाचे माइक नाहीत.

रोखठोक_नाना

तिथे खिडक्या किती आहेत? रात्री अकरापर्यंत दिवे आणि त्या जिन्यावर उजेड असेल, वॉचमन असेल, तर माझी हरकत नाही. पण अर्जात आधी अभ्यासिकेची मागणी लिहा, दालन खाली दुसऱ्या नंबरला. उलट लिहिलंत तर पोरं तुमच्या विरोधात जातील, आणि ती सोबत असली तर सभेत तुमची बाजू जड होईल.

खडू_बाई

आणि ठरावात भिंतीला खिळे ठोकायला बंदी लिहून घ्या! वरती एक रेल बसवायची, त्याला हुक आणि वायर, चित्राचा मध्य साधारण पाच फुटांवर येईल असं टांगायचं, लहान मुलांचं असेल तर खाली घ्यायचं. ट्यूबलाइट चित्राच्या समोर नको, काचेत नुसती ट्यूबच दिसते. जलरंगांना तर उजेड कमीच लागतो, म्युझियमवाले 50 लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) वर जाऊ देत नाहीत, तुम्ही निदान पश्चिमेच्या खिडक्यांना पडदे लावा. जुन्या फोटोंचं ठरलं तर मूळ फोटो स्कॅन करायला माझी नववीची मुलं देते, फक्त दिवाळीच्या सुट्टीनंतर, आत्ता सहामाही चालू आहे.

गेरू_आणि_चुना

नाना, खिडक्या चार, दोन सील केलेल्या. उद्या मुख्याधिकाऱ्यांची वेळ मिळालीये, आधी ती खोली उघडून दाखवा असं म्हणणार आहे. अर्जाचा मसुदा रात्री इथेच टाकतो, फाइलसाहेब प्लीज भाषा तपासा, मला "उपरोक्त विषयास अनुसरून" च्या पुढे काही येत नाही.